‘जागा नाही’च्या तळाचा स्वर

ज्योत्स्नाबाई पाटोळे रागावल्या की त्यांचा आवाज चढत नसे. तो खाली उतरे आणि शब्दाशब्दांतले अंतर वाढत जाई. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत त्यांनी उभी हयात गणित शिकवण्यात घालवली होती. बाई सावकाश बोलू लागल्या की मागच्या बाकावरची मुलेही वह्या उघडून ताठ बसत. नोव्हेंबरातल्या त्या रविवारी, उपासना आटोपल्यावर, नाताळचे एक गीत वाजवून दाखवून, चर्चमधल्या पियानोपाशी त्या अशाच सावकाश बोलत होत्या. पण समोर उभे होते ते बास, म्हणजे सर्वांत खालचा आवाज, गाणारे भिकनराव, आणि भिकनराव त्यांच्या वर्गात कधी बसले नव्हते.

“भिकनराव, मी चाल बदललेली नाही. एक स्वरही नाही.”

“चालीचं कोण बोलतंय, बाई? माझा बास कुठं गेला ते सांगा.”

“बास खाली उतरवत नेलाय. अर्ध्या अर्ध्या स्वरानं. दारोदार हिंडून थकत चाललेला माणूस जसा...”

“माझा बाप हिंडत नव्हता. एका जागी उभा राहून गायचा.”

ज्योत्स्नाबाईंची मैत्रीण मीना मागच्या बाकावर त्यांच्यासाठी थांबली होती. तिला हसू आवरेना. भिकनरावांनी तिच्याकडे एक जळजळीत दृष्टिक्षेप टाकला आणि मग, संताप अनावर झाला की त्यांच्या मुखी येई ती बागलाणची बोली आली. “हाऊ मना बापना बास शे!” हा माझ्या बापाचा बास आहे, असे म्हणून, छातीवर हात आपटून ते बाहेर पडले. जाताना त्यांनी मंडळीतल्या रीतीचा सलामही केला नाही.

या कलहाचे मर्म कळण्यासाठी त्या चर्चच्या मंडळीची एक रीत सांगितली पाहिजे. गंगापूर रोडच्या अलीकडच्या एका गल्लीत ते चर्च आहे. परदेशी चालींवर मराठी शब्द बसवून रचलेली नाताळगीते तेथे अनेक पिढ्या चार आवाजांत गायिली जातात. मुख्य चाल सर्वांत वर, तिच्याखाली बायकांचा आल्टो, त्याखाली पुरुषांचा टेनर, आणि तळाशी बास. फार पूर्वी कोणा मास्तरांनी डो-रे-मीच्या, म्हणजे पाश्चात्त्य सा-रे-गच्या, अक्षरांनी हे चारही आवाज लोकांना शिकवले. पुढे कागद जीर्ण झाले, अक्षरे विसरली, आणि जे कंठात होते तेवढेच उरले. हे कंठस्थ धन घराघरांत वाटले गेले. कोणाचे घर आल्टोचे, कोणाचे टेनरचे. आईने लेकीला, बापाने लेकाला आपल्या घरचा आवाज घरीच बसवून शिकवायचा. चारही आवाज एकमेकांना भेटायचे ते नाताळच्या आदल्या आठवड्यात, एका तालमीपुरते. त्यामुळे ज्याच्या वाट्याला जो आवाज आला, त्याला तेच अवघे गीत वाटे. चारही आवाज एका वेळी ज्याच्या हाताखाली असत असे माणूस त्या चर्चमध्ये एकच होते. ते म्हणजे पियानोवर बसणाऱ्या ज्योत्स्नाबाई.

भिकनरावांकडे बास आला तो त्यांचे वडील गेणू यांच्याकडून. गेणू नामपूरच्या कांदा बाजारात हमाली करीत, गोण्यांच्या थप्पीवर बसून बास घोटीत आणि नाताळला या चर्चमध्ये गायला येत. भिकनरावांनी एस.टी.च्या डेपोत इंजिनांच्या धडधडाटात तोच बास जपला. त्यांना चालीचे शब्द धड पाठ नव्हते. बास मात्र झोपेतून उठवले तरी बिनचूक गायचे.

आणि ज्योत्स्नाबाईंचा व्यासंग नेमका याच्या उलट. त्यांच्या आत्याने त्यांना लहानपणी पियानो शिकवला आणि शिकवताना सांगितले की चाल देवाने दिली असे समजून तिला हात लावू नये; पण तिच्याखाली कोणते स्वर उभे करायचे, हे वाजवणाऱ्याच्या विवेकावर आहे. उजव्या हाताच्या बोटांनी चाल जशीच्या तशी धरायची आणि डाव्या हाताने तिच्या तळाची स्वरसंगती पालटून पाहायची. तीच ओळ, तेच स्वर, पण खालचे तीन स्वर बदलले की आनंदाची ओळ चिंतेत पडते, प्रार्थनेची ओळ जाब विचारू लागते. दरवर्षी नाताळापूर्वी त्या असे एखादे गीत हाती घेत. शेवटच्या कडव्यात थोडे गांभीर्य, मेंढपाळांच्या कडव्यात थोडे धुके, इतपतच त्यांची मजल असे. मंडळीला ते कळतही नसे. यंदा पियानो छान वाजला, एवढेच लोक म्हणत.

यंदा त्यांनी हाती घेतले ते धर्मशाळेच्या दाराचे गीत. मरिया आणि योसेफ बेथलेहेमात आश्रय शोधतात आणि दारामागून उत्तर येते:

जागा नाही, जागा नाही, दार पुढचे पाहा;
रात्र मोठी, थंडी मोठी, कोठेतरी राहा.

मूळच्या परभाषेत या ओळीच्या जागी घंटानादाचे वर्णन होते, असे आत्या सांगे. म्हणून स्वरसंगतीही घंटांसारखी: वर गोड, भरीव, सुखावणारे स्वर, आणि तळाशी बास एकाच ‘डो’वर खिळलेला, मोठ्या घंटेसारखा. मराठी कवीने त्या जागी दाराचे शब्द घातले. खालच्या घंटा कोणी काढल्या नाहीत. आणि तेव्हापासून ती मंडळी, बाळ पोटात असलेल्या बाईला दारातून परत पाठवणारे शब्द, लग्नाच्या वरातीसारख्या हर्षाने गात आली होती.

ज्योत्स्नाबाईंनीही ते तसेच वाजवले होते, कैक वर्षे. यंदा त्यांच्याने ते वाजवेना.

कारण यंदाच्या वैशाखात त्या निवृत्त झाल्या आणि वसाहतीतले घर सोडावे लागले. चर्चजवळ राहावे म्हणून त्यांनी गंगापूर रोडला भाड्याची जागा शोधायला घेतली. फोनवर सगळे सुरळीत होई. निवृत्त शिक्षिका, एकटी बाई, नाव ज्योत्स्ना. घरमालकांना याहून काय हवे? एका प्रशस्त इमारतीतल्या बाईंनी तर त्यांना घर दाखवताना हात धरून खोल्याखोल्यांतून फिरवले. बाल्कनीतून नदीकाठची झाडी दाखवली. मग एका कोनाड्यापाशी थांबून त्या म्हणाल्या, “हा मुद्दाम देवांसाठी ठेवलाय. तुमचे देव इथं मावतील ना?”

“आम्ही ख्रिस्ती आहोत,” ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

“अगं बाई! वाटत नाही हो तुमच्याकडे बघून.” त्या बाईंचे हसू जराही मावळले नाही. “बसा ना, चहा टाकते. तसं काय झालंय, ह्यांनी कालच एकांना शब्द दिलाय. मला मेलीला आत्ता आठवलं. तुम्ही पुढच्या गल्लीत बघा, तिकडे नक्की मिळेल.”

चहात आले होते, वेलदोडा होता. ज्योत्स्नाबाईंनी तो सबंध प्यायला, आणि जिना उतरताना त्यांच्या लक्षात आले की आपण त्या बाईंना “थँक्यू” म्हणून आलो. पुढच्या गल्लीतही असेच झाले. आणि त्याच्याही पुढच्या. उद्धट कोणीच बोलले नाही. शेवटी मीनाने आपल्या घरावरच्या दोन खोल्या त्यांना दिल्या. पण त्या मधुर नकारांनी त्यांच्या पोटात जो निखारा पडला, तो पावसाळा उलटला तरी विझला नाही. उद्धटपणाला उत्तर देता येते. वेलदोड्याच्या चहाला काय उत्तर द्यायचे?

म्हणून त्यांनी बास अर्ध्या अर्ध्या स्वराने उतरवला होता आणि भिकनराव छाती बडवून निघून गेले होते.

प्रकरण चर्चच्या कमिटीपुढे गेले. चर्चचे धर्मगुरू पाळकसाहेब वृत्तीने सौम्य. ते म्हणाले, “ज्योत्स्नाताई, नाताळला लोकांना आनंद हवा असतो.”

“त्या ओळीत आनंद कुठे आहे, ते मला दाखवा.”

“ओळीत नसेल. पण चाल किती गोड आहे!”

“चाल गोडच राहील,” ज्योत्स्नाबाई अतिशय सावकाश म्हणाल्या. “नकार देणाऱ्याचा आवाज गोडच असतो, पाळकसाहेब. ऐकणाऱ्याच्या पोटात काय होतं, ते मला खाली वाजवायचंय.”

घर शोधण्याची हकिगत कमिटीतल्या निम्म्यांना ठाऊक होती; निम्म्यांनी स्वतः तसले चहा घेतले होते. पण त्याबद्दल उघड बोलायची तिथे चाल नव्हती. शेवटी भिकनराव उठले. “मला तुमचं पोट-बिट काही कळत नाही. गेणू हमालाचा बास जसा आहे तसा राहिला पाहिजे. एवढंच लिहून घ्या. वरच्या मजल्यावर बाईंनी काय धिंगाणा घालायचा तो घालावा!”

सगळे हसले. कमिटीचा ठराव झाला तो असा: बासच्या आवाजाला हात लावू नये, इतर आवाजांचे ज्योत्स्नाबाईंनी पाहावे. भिकनरावांना वाटले, आपण गीत राखले. पाळकसाहेबांना वाटले, तंटा मिटला. ज्योत्स्नाबाई घरी गेल्या त्या इतक्या संतापलेल्या होत्या की मीनाने वाढलेली भाकरी त्यांनी तशीच ठेवली.

“जेव गं,” मीना म्हणाली. “नकारावर उपास कशाला?”

“तो माणूस भिंत आहे, मीना. हलत नाही. एका स्वरावर उभा राहतो आणि म्हणतो, बाप, बाप!”

“मग राहू दे ना उभा.”

मीना हे सहज बोलली, आणि भाकरीचे ताट पुन्हा पुढे सरकवून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चमध्ये केरसुणीचा आवाज चालू असताना ज्योत्स्नाबाई पियानोवर बसल्या. डाव्या हाताच्या करंगळीने त्यांनी भिकनरावांचा ‘डो’ दाबला. त्या गीतात तो पियानोच्या एफ या पट्टीवर. दाबून ठेवला. राग इतका होता की करंगळी उचलवेना. मंडळीत भजनेही होत, पेटी-तबल्यावर, तंबोऱ्यासह. तो अचल षड्ज त्यांच्या कानात बालपणापासून मुरलेला होता. पण पियानोवर बसल्या की त्या आत्याच्या विद्येने विचार करीत, आणि त्या विद्येत बास चालता असे. आता एफचा तो दीर्घ ध्वनी ऐकताना त्यांना तो तंबोऱ्यासारखा वाटला. आणि षड्ज जर हलणारच नसेल, तर त्याला सर्वांत असह्य शेजार कोणाचा? कोमल ऋषभाचा. त्यांनी उजव्या हाताने ‘नाही’ या शब्दावरचा चालीचा स्वर धरला आणि त्याच्याखाली जी फ्लॅट दाबला: एफला लागून असलेली काळी पट्टी, वरच्या सप्तकातली.

झाडणाऱ्या सुवर्णाबाई थांबल्या. “काय झालं हो बाई? कुठं लागलं का?”

“नाही, नाही. झाडा तुम्ही.”

त्यांनी पुन्हा वाजवले. ‘जागा’वर संगती अजून मृदू, किंचित खिन्न, आणि ‘नाही’वर वरचे सगळे स्वर त्या अचल षड्जावर आदळून, तेथेच घासत उभे राहिलेले. चाल तीच. गोड. बास तोच. दारासारखा. आणि दोहोंच्या मध्ये, आल्टो आणि टेनरच्या जागी, बाहेर उभे असलेले माणूस. ठराव अक्षरशः पाळला जात होता. भिकनरावांना हलायचे नव्हते ना? ठीक. त्यांनी हलू नये. त्यांच्या न हलण्यावरच आता सारी ओळ उभी राहणार होती.

रीतीप्रमाणे आवाज वेगवेगळेच शिकायचे असल्याने कोणाला संशय येण्याचे कारण नव्हते. आल्टोच्या बायका मीनाच्या घरी जमत. टेनर गाणारा राजू आणि त्याचे भाऊ वरच्या खोलीत येत. नवे स्वर शिकताना आल्टोच्या बायका कुरकुरल्या, “हा सूर अधांतरी लागतोय, बाई,” पण शिकल्या.

तालमीच्या सायंकाळी चारही आवाज एकत्र आले. पहिले कडवे नीट झाले, दुसरेही. मग ‘जागा नाही’ आली. बास आपल्या एफवर रोवून उभा. ‘नाही’वर आल्टोचा जी फ्लॅट वरून येऊन त्याला भिडला, आणि भिकनरावांनी दोन्ही हात वर केले.

“थांबा, थांबा! कोण चुकलं?”

“कोणी नाही,” ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

“कोणी नाही कसं? ह्या बायका माझ्या अंगावर येऊन पडताहेत!”

“तुमच्या अंगावर पडायला कोणाला हौस आली?” मीना म्हणाली. राजूचे भाऊ खो-खो हसले.

पाळकसाहेबांनी मध्यस्थी केली. “भिकनराव, तुमचा बास बदललाय का?”

“नाही.”

“एखादा स्वर?”

“नाही म्हटलं ना! माझा बास मी गातोय. पण तो माझा लागत नाही!”

“ठराव तुम्हीच लिहून घ्यायला लावलात,” ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. “वरच्या मजल्याचं मी पाहिलं.”

भिकनराव मंदबुद्धी नव्हते. आपल्याला कुठे उभे केले आहे, हे त्यांच्या ध्यानात हळूहळू येत होते. “म्हणजे मी तो,” ते म्हणाले. “दार न उघडणारा. माझ्या बापाला तुम्ही तो धर्मशाळावाला केलात.” त्यांनी मफलर गळ्याभोवती आवळला. “नाताळला मी येणार नाही. घाला तुमचा धिंगाणा.”

ते गेले, आणि मग ज्योत्स्नाबाईंना त्या संतापातही भीती वाटली. बास गाणारे आणखी दोघे होते, पण ते भिकनरावांच्या कंठाला टेकून गाणारे. एकटे असले की त्यांचा स्वर डळमळे. पियानोचा एफ होताच; पण पियानोचा स्वर वाजवला की क्षीण होत जातो. ज्या दारावर आदळायचे ते दारच विरून गेले, तर आदळणार कशावर? ओळ पुन्हा गोड झाली असती.

“जाऊन एकदा बोल त्यांच्याशी,” मीना म्हणाली.

“काय बोलू? क्षमा मागू? कशाची?”

“म्हातारा दुखावलाय गं.”

“मीही दुखावलेय. माझ्यासाठी कोण कोणाकडे गेलं?”

त्या गेल्या नाहीत. रोज सकाळी त्या पियानोवर तीच ओळ वाजवीत आणि एफ विरताना ऐकत, आणि प्रत्येक वेळी त्यांचा राग नवा होई: त्या कोनाडेवाल्या बाईंवर, भिकनरावांवर, आणि सबंध चहा पिऊन “थँक्यू” म्हणणाऱ्या स्वतःवर.

नाताळच्या सकाळी चर्च भरून गेले. उपासना सुरू व्हायच्या बेतात असताना भिकनराव आले. ठेवणीतला कोट, केसांना तेल, आणि चेहरा वादळी.

“आलात?” मीना पुटपुटली.

“तुमच्या बाईंसाठी नाही आलो. नाताळ काय त्यांच्या मालकीचा आहे?” आणि ते मागच्या रांगेत, गेणू जिथे उभे राहत त्याच जागी जाऊन उभे राहिले. पियानोकडे त्यांनी पाहिलेही नाही.

गीत सुरू झाले. तिसरे कडवे आले. ‘जागा’, आणि भिकनराव एफवर उभे राहिले. ‘नाही’, आणि आल्टो येऊन त्यांच्यावर आदळला. त्यांचा स्वर क्षणभर थरारला. ज्योत्स्नाबाईंना वाटले, हा आता सुटला. पण भिकनराव सुटणारे नव्हते. संतापाने त्यांनी छाती भरून घेतली आणि तो स्वर अधिक मोठा केला. आजवर ते असे कधी गायिले नव्हते. आल्टोच्या बायकांनीही माघार घेतली नाही. दुसरी ‘जागा नाही’ आली तेव्हा ती गोड चाल त्या दोन आडमुठ्या स्वरांच्या वर इतकी शांत, इतकी सभ्य ऐकू येत होती की पुढच्या बाकावरच्या एका वृद्धेने पदर तोंडाला लावला. ज्योत्स्नाबाईंनी ‘नाही’वरचा आघात धरून ठेवला, लागतो त्याहून बराच जास्त. कोणाला श्वास घ्यायला वाव दिला नाही.

मग पुढची ओळ आली, गीत संपले. पाळकसाहेब उपदेशाला उठले. ज्योत्स्नाबाईंना वाटले होते की एवढे झाल्यावर पोटातला निखारा विझेल. तो विझला नव्हता. पण आता तो त्यांच्या एकटीच्या पोटात नव्हता.

उपासनेनंतर आवारात चहा, केक आणि करंज्या मांडल्या होत्या. कोणाकडे पाहुणा आलेला एक तरुण भिकनरावांना म्हणाला, “काका, मघाशी मध्येच काहीतरी गडबड झाली ना?”

“गडबड?” भिकनराव कडाडले. “माझा बास एका जागचा हलला का? सांग, हलला का?”

“तसं नाही, पण कानाला जरा...”

“लागलं ना? लागू दे! देवाच्या आईला दारातून हाकलताहेत, आणि तुला काय गुदगुल्या व्हायला हव्यात?”

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांचे त्यांनाच ऐकू आले असावे. करंजीचा तुकडा हातात तसाच राहिला. मग ज्योत्स्नाबाई उभ्या होत्या तिकडे ते तरातरा आले.

“सलाम,” ते तुटकपणे म्हणाले.

“सलाम.”

“तुम्ही माझ्या बापाशी जे केलंत ते मी विसरणार नाही.”

“नका विसरू.”

“आणि त्या ‘नाही’वर किती वेळ थांबवता हो? दम संपतो माझा. पुढच्या साली जरा लवकर सोडा.”

“सोडणार नाही, भिकनराव.”

“अहो, माझं वय झालंय!”

“मग शेजारी कोणाला तरी तयार करून उभं करा. तो स्वर लवकर सुटणार नाही.”

भिकनराव त्यांच्याकडे डोळे वटारून पाहत राहिले. ज्योत्स्नाबाईंनीही नजर काढून घेतली नाही. मग ते गर्रकन वळले आणि चहाच्या टेबलापाशी गप्पा मारीत उभ्या असलेल्या आपल्या लेकाला त्यांनी मोठ्याने हाक मारली.

“केरू! ए केरू! पुरे झाला केक. उद्यापासून सांजच्याला माझ्यापाशी बसायचं. आपल्या घरचा डो लांब धरायला शिकायचं.”

“किती लांब, दादा?” केरूने बोटे पुसत विचारले.

“ती बाई सोडेपर्यंत!”